आंधळा पण आणि अक्षहृदय

द्यूताविषयी आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. द्यूत कसे खेळले जाते याविषयी मात्र फारच थोडे. सभापर्वातील द्यूतसभेवर मराठीत आख्याने आहेत, नाटके आहेत, कादंबऱ्यांतील प्रकरणे आहेत. या सगळ्यांत फासे पडतात, शकुनी जिंकतो आणि वाचकाचे लक्ष ताबडतोब द्रौपदीकडे जाते. ते जाणे स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळे पटावरचा माणूस नेमका कोणत्या क्षणी, कोणता हिशोब करून पुढचा पण लावतो, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आज हा प्रश्न आम्ही एका अगदी अलीकडच्या आणि वरवर पाहता साहित्याशी काहीच संबंध नसलेल्या खेळाच्या निमित्ताने विचारणार आहोत. तो खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा पोकर, आणि त्यातली एक विशिष्ट पेचाची जागा: 'बिग ब्लाइंड'.

ज्या वाचकांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पुढे पाच पाने सर्वांसाठी मध्यभागी उघडी पडतात. पाने वाटण्यापूर्वीच दोघांना सक्तीने पैसे लावावे लागतात. वाटणाऱ्याच्या लगत डावीकडच्याने अर्धा पण लावायचा, त्याच्या पुढच्याने पूर्ण. हा पूर्ण पण म्हणजे बिग ब्लाइंड. पाने पाहिली नाहीत, इच्छा विचारली गेली नाही, तरी पैसे लागले. म्हणून तो 'आंधळा'. ही जागा डावागणिक सरकत जाते, म्हणजे आज मी तर थोड्या वेळाने तू. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन पोकरमध्येही वाटणाऱ्याच्या डावीकडच्या खेळाडूने पाने न पाहता पैसे लावण्याची रीत होती. आंधळा पण नसता तर उत्तम पानांची वाट पाहत सगळेच बसून राहिले असते आणि खेळ चाललाच नसता.

आपल्याकडच्या तीनपत्तीत नेमका हाच शब्द उलट्या अर्थाने नांदतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तीनपत्तीत सर्वांनी मिळून टाकायचा सक्तीचा पैसा म्हणजे 'बूट'. आणि 'ब्लाइंड' म्हणजे पाने न पाहता खेळण्याची ऐच्छिक ऐट. शिवाय तिला बक्षीसही आहे: ब्लाइंड खेळणारा जेवढे लावतो त्याच्या निदान दुप्पट, पाने पाहून 'चाल' करणाऱ्याला लावावे लागतात. म्हणजे आपल्या खेळात आंधळेपणा हा मान आहे, पोकरमध्ये तो कर आहे. तीनपत्तीत मुरलेला माणूस पोकरच्या टेबलावर येतो तेव्हा हा जुना मान तो बरोबर घेऊन येतो. आपण न पाहता लावलेल्या पैशाला कोणी हात घातला की त्याला तो आपला अपमान वाटतो. आमच्या मते बिग ब्लाइंडच्या रक्षणातील निम्म्या चुका येथून सुरू होतात.

आता पेच पाहू. समजा छोटा पण ५ रुपयांचा आणि मोठा १० रुपयांचा आहे. इतर सर्वांनी पाने टाकली. वाटणाऱ्याच्या जागेवर, ज्याला 'बटन' म्हणतात तेथे, बसलेला खेळाडू एकदम २५ रुपये लावतो. छोट्या पणवाला पाने टाकून देतो. मध्यभागी आता ४० रुपये आहेत आणि मोठ्या पणवाल्याला आणखी १५ रुपये घालून डावात राहायचे की नाही हे ठरवायचे आहे. बटनवाला हे प्रत्येक वेळी करतो आहे. त्याच्याकडे दर वेळी उत्तम पाने असणे शक्य नाही, हे उघड आहे. मग काय करावे?

हिशोब असा. १५ घातले तर एकूण ५५ होतात. म्हणजे शंभरात सत्तावीस-अठ्ठावीस वेळा जिंकण्याची शक्यता असली तरी घातलेले १५ भरून येतात. होल्डेममधील सर्वांत वाईट समजली जाणारी जोडी, म्हणजे वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री, हीसुद्धा कोणत्याही दोन पानांविरुद्ध शंभरात सुमारे पस्तीस वेळा जिंकते. तर मग दर वेळी डावात राहावे काय? नाही, कारण पुढची पाच पाने फुकट पाहायला मिळत नाहीत. पुढच्या प्रत्येक फेरीत मोठ्या पणवाल्याला बटनवाल्याच्या आधी बोलावे लागते. ज्याला शेवटी बोलायचे असते त्याला समोरच्याची हालचाल पाहायला मिळते. ज्याला आधी बोलायचे असते तो अंधारात राहतो. म्हणून कागदावर पस्तीस टक्के असणारे पान प्रत्यक्षात तेवढे पदरात टाकत नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. बटनवाला २५ रुपये धोक्यात घालून मध्यभागाचे १५ मिळवू पाहतो. ४० पैकी २५, म्हणजे साडेबासष्ट टक्क्यांहून अधिक वेळा जर समोरचे दोघेही पाने टाकत असतील, तर त्याला पाने पाहण्याचीही गरज नाही. कशावरही २५ लावले तरी त्याचा फायदाच. याचा अर्थ दोघांनी मिळून निदान साडेसदतीस टक्के वेळा तरी उभे राहिले पाहिजे. आणि छोट्या पणवाल्याची स्थिती त्याहून वाईट असल्याने हे ओझे मुख्यतः मोठ्या पणवाल्यावर येते. प्रतिपक्षी जितका आक्रमक, तितकी त्याची पाने सरासरीने हलकी, आणि तितके आपण अधिक वेळा उभे राहावयाचे. कधी नुसते १५ घालून, कधी उलट त्याच्यावरच चढवून. हे उलट चढवणे फक्त एक्का-राजासारख्या पानांवर केले तर तो लगेच ओळखतो. म्हणून काही वेळा ते हलक्या पानांवरही करावे लागते.

ही शेवटची गोष्ट लबाडी नाही, गणित आहे, हे प्रथम नीट दाखवले ते एमिल बोरेल आणि जॉन फॉन नॉयमन यांनी. फॉन नॉयमन यांचा सामाजिक खेळांच्या सिद्धान्तावरचा निबंध १९२८ चा. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४४ चा, आणि त्यात पोकरसाठी एक स्वतंत्र विभागच आहे. त्यांच्या मांडणीतून निघणारी गोष्ट अशी की, हुलकावणी ही खेळाडूच्या स्वभावाची बाब नसून खेळाच्या रचनेची गरज आहे. जो कधीच हूल देत नाही त्याच्या खऱ्या पानांनाही किंमत मिळत नाही. पुढे २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांतील मर्यादित पणाचा होल्डेम व्यवहारतः सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस'ने अमर्याद पणाच्या द्वंद्वात चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. या यंत्रांना राग येत नाही, आणि ज्या पैशांना आपण 'माझे' म्हणतो त्यांना ती मध्यभागी पडलेले पैसे एवढेच मानतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बिग ब्लाइंडच्या जागेवर उत्तमोत्तम खेळाडूचाही दीर्घकाळचा हिशोब तोट्याचाच असतो. दर वेळी पाने टाकून देणारा प्रत्येक फेरीत पूर्ण एक पण हरतो. चांगले रक्षण करणारा त्याहून कमी हरतो. बस, एवढेच. 'रक्षण' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर गड, बुरूज आणि शेवटचा मावळा येतो. पोकरमध्ये रक्षणाचा अर्थ तोटा कमी करणे एवढाच आहे, आणि त्यात पाने टाकून देणे हेही येते. वीररसाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हे पचणे कठीण आहे.

युधिष्ठिराला ते पचले नाही. बोलावले असता मागे फिरायचे नाही, हे त्याचे व्रत. म्हणजे आव्हान आले की त्याचा आंधळा पण लागलाच. समोर शकुनी आहे, आणि पैसे शकुनीचे नाहीत, दुर्योधनाचे आहेत. एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने पण पुरवायचे हे आपल्याला योग्य वाटत नाही, असा आक्षेप युधिष्ठिर सुरुवातीलाच घेतो. आक्षेप अचूक आहे: ज्याला स्वतःचे गमवायचे नसते त्याच्या आक्रमणाला धरबंद नसतो. पण आक्षेप घेऊनही तो बसतो. आणि मग प्रत्येक पण मागचा पण परत मिळवण्यासाठी लागत जातो. धन, दासदासी, रथ, हत्ती, राज्य, भाऊ, स्वतः, पत्नी. गेलेली वस्तू आपली राहिलेली नाही, हे तो एकदाही स्वीकारत नाही. बिग ब्लाइंडवर बसलेला नवखा खेळाडू 'माझे दहा' वाचवण्यासाठी शंभर घालतो, तेव्हा तो याच वाटेने जात असतो.

परंतु महाभारतातच या पेचाची दुसरी कथा आहे, आणि ती विदर्भाची आहे. वनपर्वातील नलोपाख्यान मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते ते रघुनाथ पंडितांच्या 'नल-दमयंती स्वयंवराख्याना'मुळे. त्यात भर हंसावर आणि स्वयंवरावर आहे. त्यामुळे नल म्हटला की आपल्याला हंस आठवतो, बेहडा आठवत नाही. वास्तविक द्यूताच्या इतिहासात नलाचे महत्त्व बेहड्याच्या झाडाखाली आहे.

पुष्कराशी खेळताना नल सर्वस्व हरतो. आता दमयंती तेवढी उरली आहे, तिला पणाला लाव, असे पुष्कर सुचवतो. युधिष्ठिराने याच जागी काय केले हे आपण जाणतो. नल काही बोलत नाही. अंगावरचे अलंकार उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघून जातो. पोकरच्या भाषेत त्याने पाने टाकली. अक्षविद्या अजून त्याला ठाऊक नाही, कली अजून त्याच्या देहात आहे, तरीही एवढी मर्यादा त्याला दिसते. आमच्या मते उपाख्यानातला हा सर्वांत मोठा क्षण आहे, आणि तो शब्दांवाचून घडतो.

पुढे बाहुक नावाने तो ऋतुपर्णाचा सारथी होतो आणि रथ विदर्भाच्या वाटेवर असताना ऋतुपर्ण एका बेहड्याकडे पाहून सांगतो: खाली पडलेली पाने-फळे झाडावरच्यांहून एकशे एक अधिक आहेत, दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नल रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. संख्या बरोबर निघते. ऋतुपर्ण सांगतो की, ज्याला अक्षांचे हृदय ठाऊक असते तो संख्येतही निष्णात असतो. अश्वविद्येच्या बदल्यात नल ती विद्या घेतो आणि कली त्याच्या देहातून बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात या प्रसंगाची आवर्जून दखल घेतली. पाश्चात्त्य गणितात सतराव्या शतकापूर्वी द्यूत आणि गणना यांची अशी गाठ पडलेली सहसा दिसत नाही. आणि बेहडाच का? कारण वैदिक काळी अक्ष म्हणजे बेहड्याचीच फळे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला हुलवणारी, भुलवणारी फळे तीच. आणि त्याला शेवटी मिळणारा सल्ला शेती करण्याचा आहे.

बेहडा आणि शेती या दोन्ही गोष्टी आम्हांस बपेऱ्याकडे नेतात. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील हे गाव मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. पलीकडे बालाघाट जिल्हा सुरू होतो. धानाचा प्रदेश, जंगलात बेहडा मुबलक. झाडीपट्टीत पत्त्यांना 'तासपत्ते' म्हणतात आणि पोलिसांच्या भाषेत जुगार म्हणजे 'हारजीतचा खेळ'. पोळ्याच्या आगेमागे विदर्भभर तासपत्त्यांचे डाव रंगतात आणि दुसऱ्या दिवशी छाप्यांच्या बातम्या छापून येतात. अलीकडे महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, पलीकडे मध्य प्रदेशात अजून १८६७ चा सार्वजनिक द्यूत अधिनियम. जुन्या मध्य प्रांतात असताना भंडाराही त्या १८६७ च्याच कायद्याखाली होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने एकाच भाताच्या पट्ट्यातून दोन कायद्यांची रेघ गेली. दोन्ही कायद्यांत निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. या एका सवलतीवर पुढची दीडशे वर्षे वाद चालला. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले आणि कौशल्याच्या स्पर्धा वेगळ्या काढल्या. १९६८ मध्ये रमी ही मुख्यत्वे कौशल्याची ठरली. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला मात्र तो मान दिला नाही. जाता जाता सांगायचे तर, महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा एक कायदा करून ठेवला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षे न उघडलेले पान.

अड्डेवाल्याच्या हिश्शाची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा बिग ब्लाइंडशी थेट संबंध आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यायला सांगितले. उत्तर हिंदुस्थानी जुगारात या हिश्शाला 'नाल' म्हणतात (नलराजाशी त्याचा संबंध नसावा, पण शब्द मौजेचा आहे). ऑनलाइन पोकरमध्ये त्याला 'रेक' म्हणतात आणि त्याचा रूढ दर आश्चर्यकारकरीत्या पुन्हा शेकडा पाचच्याच आसपास असतो. वरच्या उदाहरणात ५५ रुपयांवर पाच टक्के कापले की उरतात सव्वाबावन्न. आणि १५ रुपये भरून येण्यासाठी लागणारी शक्यता सत्तावीसवरून जवळजवळ एकोणतीसवर जाते. फरक छोटा दिसतो, पण काठावरच्या सगळ्या हलक्या पानांना तो बाहेर काढतो. पुष्कळ ठिकाणी मधली पाने उघडण्यापूर्वीच डाव मिटला तर रेक घेत नाहीत. म्हणून नुसते १५ घालून पाहत राहण्यापेक्षा उलट चढवणे किंवा सरळ टाकून देणे अधिक शहाणपणाचे ठरते. छोट्या पणाच्या टेबलांवर बचाव करताना माणूस प्रतिपक्ष्याशी झुंजतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दोघेही मिळून अड्डेवाल्याला पोसत असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तर पट मांडण्यापूर्वीच चौथाईहून अधिकाचा हिशोब झाला.

आणि वेग. पैशांचा पहिला ऑनलाइन पोकर १९९८ मध्ये सुरू झाला. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पडद्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि एकाच वेळी चार-चार टेबले. सहा जणांच्या टेबलावर दर सहाव्या डावाला आंधळा पण आपल्यावर येतो. पोळ्याच्या रात्री जो पेच दहा-वीस वेळा यायचा तो तासाभरात पन्नास वेळा येतो. समोरच्याचा चेहरा नाही. त्याच्याऐवजी त्याने बटनावरून शंभरातून किती वेळा चढवले याचा आकडा. ऋतुपर्णाची विद्या यंत्राने फुकट वाटली, पण ती दोन्ही बाजूंना वाटली, आणि मोबाइल घेऊन बसलेल्या खेड्यातल्या मुलाला बहुधा ती नसतेच. त्याच्याकडे असते ती तीनपत्तीतली ऐट.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की दैव, हा दीडशे वर्षांचा वाद या कायद्याने सोडवला नाही. दोन्ही सारखेच बंद, असे म्हणून तो बाजूला ठेवला. शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. आम्हांस हा फरक महत्त्वाचा वाटतो. सीमेवरच्या एखाद्या गावात झाडाखाली तासपत्ते खेळणारा जुन्या कायद्याने आरोपी होतो. पडद्यावर लाखो हरलेला नव्या कायद्याने पीडित ठरतो. दोघांच्या हातात पाने तीच. एकाला दोषी आणि दुसऱ्याला बळी मानताना, दोघांनीही एक निर्णय घेतला होता, तो चांगला की वाईट हे तपासता येते, ही गोष्ट दोन्ही कायद्यांच्या नजरेतून सुटते. आणि आमची तक्रार अशी की, ती साहित्याच्या नजरेतूनही सुटत आली.

अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एक मराठी गद्याच्या अगदी उगमाशी आहे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची, हरपाळदेवांची कथा येते. प्रधानाचा पुत्र, द्यूताचा नाद, एके दिवशी मोठी हार. पैसे चुकते करण्यासाठी ते पत्नीकडे, कमळाइसांकडे, अलंकार मागतात आणि त्या देत नाहीत. ऋण पुढे वडील फेडतात. हरपाळदेवांना मात्र उपरती होते, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घर सोडतात आणि वाटेत ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभूंची भेट होते. याच स्वामींच्या विदर्भातील भ्रमणात भांडारेही येते. नीळभट्ट भांडारेकार हे त्यांचे अनुयायी तिथलेच. या कथेचे वाचन बहुधा वैराग्याच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. परंतु कमळाइसांच्या नकाराकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सभापर्वात पत्नीला विचारले जात नाही. ती पणाला लागते. नलोपाख्यानात पती पण नाकारतो. येथे पत्नी स्वतः नाकारते, आणि पुढचा पण लागण्याची वाटच बंद होते. अलंकार तिचे होते, आणि ते मध्यभागी गेलेले नव्हते. ज्याचे रक्षण शक्य होते त्याचेच तिने केले. कुणा मराठी नाटककाराला या दाराआडच्या प्रसंगाचा मोह कसा पडला नाही, याचे नवल वाटते.

नलोपाख्यान वनवासात युधिष्ठिराला सांगितले जाते हेही विसरता कामा नये. बृहदश्व ऋषी कथा संपवतात ती त्याला अक्षहृदय देऊन. हरलेल्याला, हरून झाल्यावर. नल त्या विद्येच्या बळावर पुष्कराला एका डावात सर्व परत द्यायला लावतो आणि मग त्याचा वाटा त्याला माघारी देतो. युधिष्ठिर ती विद्या घेऊन विराटाच्या दरबारी कंक नावाने द्यूत खेळणारा ब्राह्मण म्हणून राहतो. विराट त्याला पट मांडायला सांगतो, तेव्हा द्यूत वाईट, त्या पांडव युधिष्ठिराने त्यात राज्य आणि भाऊ गमावले हे आपण ऐकले असेलच, असे तो राजाला सांगतो. आणि राजाची इच्छाच असेल तर खेळू, असे म्हणून खेळायला बसतो.